सिद्धांताची एक जागा

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

जाहिरात सापडली. पूर्ण निधीसह पीएचडी. विषय क्वांटम आणि रेणू भौतिकी. दोन जागा, एक सिद्धांताची, एक प्रयोगाची. चार वर्षं स्टायपेंड, राहायला खोली, परिषदांचा खर्च वेगळा. सिद्धांताच्या जागेचा मजकूर वाचताना वाटलं, कोणीतरी मला न सांगता माझं वर्णन लिहून ठेवलंय. 'स्वतंत्र विचार करणारा उमेदवार' असे शब्द आहेत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागल्यापासून मी दुसरं केलंय काय? स्वतंत्र विचारच केलाय. कोणी विचारला नाही म्हणून तो स्वतंत्र राहिला.

प्रयोगाच्या जागेचा मजकूर वाचला नाही.

बायको हॉस्पिटलला निघाली होती, तिला दारातच सांगितलं. कधी कळेल, असं तिने विचारलं. मार्चअखेर, मी म्हणालो. ती चपलेत एक पाय घालून थांबली. तिलाही मार्चअखेरपर्यंतच कळवायचंय. तिच्या हॉस्पिटलची दुसऱ्या शहरात शाखा निघतेय, तिथल्या फिजिओथेरपी विभागाची प्रमुख म्हणून तिला बोलावलंय. ते शहर एका टोकाला, माझी पीएचडीची संस्था दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं, तू घाई करू नकोस, आपण बहुधा संस्थेकडेच राहायला जाऊ. ती 'बहुधा' एवढंच म्हणाली आणि जिना उतरली.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून क्वांटम मेकॅनिक्स. पहिल्या पानापासून. गणितं सोडवत.

४ फेब्रुवारी

सव्वासातला उठलो. अलार्म बराच वेळ वाजत होता असं बायकोचं म्हणणं. तसं असेल तर अलार्मचा आवाज माझ्या झोपेला साजेसा नाही. आज नवीन सूर निवडला. अर्धा तास गेला, पण पाया पक्का हवा.

६ फेब्रुवारी

पुस्तकाची प्रस्तावना पूर्ण. लेखकाशी दोन ठिकाणी मतभेद. समासात तशी नोंद केली.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज अभ्यासाचा दिवस होता. विभागप्रमुख मॅडमनी तो खाल्ला. सकाळी प्रयोगशाळेच्या दारातच उभ्या. म्हणाल्या, चेंबर पुन्हा बसलंय. मुलांचं प्रात्यक्षिक गुरुवारी. आमच्याकडे काचेवर धातूचा पातळ थर चढवायचं जुनं व्हॅक्यूम चेंबर आहे. त्यातली हवा पंपाने काढून टाकायची, मग काम. हवा निघता निघत नव्हती.

पंप ऐकला. पंपाचा आवाज ठीक होता, जरा खाकरल्यासारखा, पण तो मूळचाच. सगळ्या जोडांवर स्पिरिट फवारून बघितलं, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा ढिम्म. म्हणजे बाहेरून हवा आत शिरत नाही. मग येतेय कुठून? चेंबर उघडलं. आतली पट्टी गेल्या महिन्यात कोणीतरी नवीन स्क्रूंनी बसवलेली. स्क्रू बंद भोकात घट्ट बसवला की बुडाशी चिमूटभर हवा अडकते. ती आट्यांमधून इतक्या सावकाश झिरपते की बाहेर गळती शोधत बसा, सापडणार नाही, कारण बाहेर भोकच नसतं. चारही स्क्रू काढले, कानशीने प्रत्येकाच्या अंगाला एक बारीक खाच पाडली, म्हणजे हवेला बाहेर यायला वाट. परत बसवले. झाकण लावलं. काटा जो उतरायला लागला तो उतरतच गेला. जेवायचं विसरलो. पाचला बघतो तर उतरतोच आहे.

असो. अख्खा दिवस वाया. मॅडमना स्पष्ट सांगणार आहे की यापुढे प्लंबिंगची कामं माझ्याकडे आणू नका.

११ फेब्रुवारी

मॅडमनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर कौतुक केलं. त्यामुळे स्पष्ट सांगायची संधी मिळाली नाही.

१४ फेब्रुवारी

अर्जासोबत उद्देशपत्र हवं. एक पान. माझं नऊ पानं झालं. एका पानात स्वतःची ओळख ज्यांना करून देता येते त्यांच्याकडे सांगण्यासारखं नसतं. बायकोला पहिली दोन पानं वाचून दाखवली. ती पेशंटच्या गुडघ्याचा काहीतरी तक्ता करत होती. म्हणाली, छान आहे, पण तू नक्की काय करणार आहेस ते कधी येतं? मी म्हटलं, सातव्या पानावर. ती म्हणाली, सातवंच पाठव.

ऐकलं नाही. अक्षरांचा आकार कमी केला.

१७ फेब्रुवारी

शिफारसपत्रासाठी गाइड सरांकडे गेलो. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी त्यांच्याकडे होतो. आता निवृत्त आहेत. बागेत कुंड्यांना रंग देत होते. मला लगेच ओळखलं. म्हणजे मी काही म्हणायच्या आतच विचारलं, अरे, तो डिफ्यूजन पंप अजून आहे का रे? मी विषय सिद्धांताकडे वळवला. त्यांनी परत पंपाकडे वळवला. शेवटी म्हणाले, मसुदा तूच करून आण, मी बघतो.

घरी येऊन मसुदा केला. 'विलक्षण' हा शब्द तीनदा येत होता, एक काढला.

२१ फेब्रुवारी

गाइड सरांनी माझा मसुदा बाजूला ठेवून स्वतःच पत्र लिहिलं आणि परस्पर संस्थेला पाठवलं. मला फोनवर वाचून दाखवलं. चार ओळी. त्यातली शेवटची अशी: याच्या हातांना जे कळतं, ते इतरांना पुस्तकं वाचून कळत नाही.

वय झालंय सरांचं. मग नीट विचार केला. हात म्हणजे पेन धरलेला हात. कागदावर, स्वतः समीकरणं सोडवणारा. समितीतली माणसं शिकलेली असतात, ती बरोबर अर्थ लावतील.

अर्ज पाठवला. शेवटच्या तारखेआधी एक दिवस. हा माझा स्वभाव.

२५ फेब्रुवारी

क्वांटमच्या पहिल्या प्रकरणात 'पेटीतला कण' आहे. पेटी कळली. कणही कळला. कण पेटीत गेल्यावर जरा गोंधळ होतो. मुद्दा मुळात सोपा आहे हे दिसतंय, म्हणून पुढे गेलो. दुसरं प्रकरण पहिल्यावर आधारलेलं आहे. तिसऱ्यापासून सुरू करणार.

३ मार्च

मुलाखतीला बोलावलं. १८ तारीख. वाटलंच होतं. बायकोने ऐकलं आणि पहिल्यांदाच हातातलं काम टाकून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, मला खरं सांग, कितपत शक्यता आहे? तिच्या वरिष्ठ डॉक्टरबाई रोज विचारतायत. तिच्यामागे दुसऱ्या एकीचं नाव आहे. ही नको म्हणाली तर त्या दुसरीला संध्याकाळपर्यंत कळवतील. मी म्हटलं, आठ उमेदवार बोलावलेत असं गृहीत धर. त्यातले सहा कच्चे. उरले दोन. दोघांत मी. म्हणजे निम्मी शक्यता झाली आणि शिफारसपत्र वेगळं.

ती म्हणाली, आठातले सहा कच्चे हे तुला कोणी सांगितलं?

असले प्रश्न विचारल्याने वातावरण बिघडतं.

९ मार्च, रविवार

मेहुणा आला होता. जुन्या मोटारी विकतो. त्याला मुलाखतीचं सांगितलं, तर त्याने तासभर मार्गदर्शन केलं. म्हणाला, समोरच्याने पहिली ऑफर दिली की चेहरा पाडायचा. पहिल्या भावाला हो म्हणणारा माणूस आयुष्यभर पस्तावतो. बायको चहा ओतत होती. म्हणाली, दादा, तो गाडी विकायला चाललेला नाही. मेहुणा म्हणाला, सगळेच गाडी विकायला चाललेले असतात. गणिताचा गंध नसलेला माणूस, पण विचारात खोली आहे. लिहून घेतलं.

१३ मार्च

तिसरं प्रकरण दुसऱ्यावर आधारलेलं निघालं.

मोठा पांढरा फळा आणून भिंतीला लावला. सिद्धांतवाल्यांच्या खोलीत फळा असतोच. त्यावर श्रोडिंजरचं समीकरण लिहिलं. खूप चांगलं दिसतं. बायकोने खाली कोपऱ्यात लिहिलं: ३१ मार्च. पुसलं नाही, पण त्याच्यासमोर खुर्ची ठेवली.

१७ मार्च, प्रवासात

तिकीट चारदा तपासलं. उत्साह असावा. गाडीत पुस्तक उघडलं तर समोरचे गृहस्थ विचारायला लागले, काय वाचताय? त्यांना क्वांटम सांगितलं. ते झोपले. बोलून बोलून माझीही उजळणी झाली, हा फायदा.

बायकोने निघताना बॅगेत डबा ठेवला आणि म्हणाली, येत नसेल तर येत नाही म्हण, त्यांना चालतं. तिने आयुष्यात एकच मुलाखत दिलीय, तिला काय माहीत.

१८ मार्च, संध्याकाळ, संस्थेचं गेस्टहाउस

मुलाखत उत्तम झाली.

सविस्तर लिहितो. आत दोघे होते. गटप्रमुख बाई, केस आखूड, चष्मा डोक्यावर सरकवलेला. आणि एक टक्कल असलेले प्राध्यापक, त्यांनी पूर्ण वेळ दाढी खाजवली. बाहेर माझ्याआधी एक मुलगी बसली होती, प्रयोगाच्या जागेसाठी आलेली, नखं खात होती. मला तिची कीव आली.

प्राध्यापकांनी पहिल्यांदा पेटीतला कण विचारला. पेटी निम्मी केली तर कणाच्या ऊर्जेचं काय होईल? मी म्हटलं, निम्मी. ते म्हणाले, नक्की? मी म्हटलं, जवळपास निम्मी. त्यांनी चारपट असं कागदावर लिहून कागद माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, हो, तेच, उलट्या बाजूने बघितलं तर. त्यांनी कागद परत घेतला. त्यांनाही ही बाजू सुचली नव्हती बहुधा.

मग बाईंनी विचारलं, आम्ही लेसरने रेणू थंड करतो. अणू थंड करणं सोपं, रेणू अवघड. का? मी म्हटलं, अणू म्हणजे एकटा माणूस. रेणू म्हणजे कुटुंब. एकट्याला शांत करता येतं, कुटुंबाला नाही. बाई मनापासून हसल्या. म्हणाल्या, बरोबरच्या फार जवळ आहे. आता ते कुटुंब नेमकं काय काय करतं ते सांगा. म्हणजे फिरतं, थरथरतं, असं त्यांना हवं होतं. हे मला गेस्टहाउसवर आल्यावर आठवलं. तिथे मी म्हटलं, भांडतं.

मग त्यांनी गाइड सरांचं पत्र काढलं. हातांना कळतं म्हणजे काय हो? मी पेनाचं सांगणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, चला, तुम्हाला लॅब दाखवते.

सिद्धांताच्या उमेदवाराला लॅब दाखवायचं कारण नव्हतं. गेलो. मोठं स्टीलचं चेंबर, चांदीच्या कागदात गुंडाळलेलं. हवा काढायचे दोन पंप. बाजूला एक विद्यार्थी, चेहरा उतरलेला. बाई म्हणाल्या, दोन महिने झाले, हवेचा दाब एका ठिकाणी येऊन अडतो, खाली जात नाही. हेलियमने सगळे जोड तपासले, गळती नाही. मी पंपाला कान लावला. आवाज स्वच्छ. हात ठेवला, थरथर सारखी. विचारलं, बाहेर काही नाही, मग आत अलीकडे काय बसवलंत? विद्यार्थी म्हणाला, आरशाचं स्टँड. स्क्रूंनी? हो. भोकं आरपार की बंद? तो वही चाळायला लागला. मग म्हणाला, बंद. मी म्हटलं, स्क्रूंना खाच किंवा मधून भोक आहे? तो बाईंकडे बघायला लागला. बाईंनी डोक्यावरचा चष्मा काढून डोळ्यांवर लावला.

मग तिथेच उभं राहून बोलत बसलो. चेंबर किती वेळ तापवता, रबरी रिंग कुठल्या, ग्रीस कोण लावतं. ग्रीस जास्त लावलं होतं, तेही सांगितलं. घड्याळ बघितलं तर जेवायची वेळ टळून गेली होती. बाईही जेवल्या नव्हत्या.

थोडक्यात, अर्धी मुलाखत प्लंबिंगमध्ये गेली. त्यांनी ती वाया घालवली, मी नाही. निघताना बाईंनी विचारलं, प्रयोगाच्या जागेचा विचार कराल का? मी म्हटलं, माझा पिंड सिद्धांताचा आहे. त्या म्हणाल्या, असं होय.

एकूण छाप चांगली पडली.

२० मार्च

घरी. बायकोला सगळं सांगितलं. लॅबचा भाग मी दोन वाक्यांत उरकत होतो, तर ती म्हणे, तो परत सांग. परत सांगितला. ती म्हणाली, हे सांगताना तू वेगळाच दिसतोस. कसा, विचारलं. ती रिकामा डबा धुवायला घेऊन गेली.

तिने डॉक्टरबाईंकडून ३१ च्या संध्याकाळपर्यंतचा वेळ नक्की करून घेतलाय. त्यापुढे एक मिनिटही नाही, असं त्यांनी बजावलंय.

२४ मार्च, सोमवार, दुपार

मेल आली. कॉलेजच्या जिन्यावर उभं राहून वाचली. पहिल्यांदा काही दिसलंच नाही, नुसती अक्षरं.

सिद्धांताच्या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे, असं पहिलं वाक्य. पुढे बरंच काही. प्रयोगाच्या जागेसाठी समितीचं एकमत आहे, मीच त्यांची पहिली पसंती, पूर्ण निधी तोच, येत्या शुक्रवारपर्यंत होकार कळवावा, वगैरे.

वाटलं होतं त्याहून मेल जास्त खोल आहे. तीनदा वाचली. कोणी नकार द्यायचा असेल तर एवढं लांब लिहीत नाही. म्हणजे सिद्धांताच्या बाबतीत त्यांचं मन अजून हलतंय आणि माझी निष्ठा किती हे ते बघतायत. होकार दिला तर मी कच्चा ठरलो.

मेहुण्याला फोन केला. त्याने मेल वाचायला मागितली नाही, ऐकूनच म्हणाला, पहिली ऑफर. मी म्हटलं तेच.

बायकोला सांगितलं, बोलणी सुरू झालीत. तिने मेल बघायला मागितली. मी म्हटलं, फार तांत्रिक आहे.

२६ मार्च

उत्तर पाठवलं. दोन दिवस घासून घासून लिहिलं. मुख्य वाक्य: 'यंत्रसामग्रीशी माझा संबंध हा केवळ नोकरीचा अपघात असून त्यात मला वैयक्तिक रस नाही.' हे वाक्य लिहिल्यावर जरा थांबलो. खुर्ची कुरकुरली म्हणून उठून तिचे स्क्रू आवळले. मग परत बसलो आणि पाठवलं. शेवटी लिहिलं, सिद्धांताच्या जागेबाबत पुनर्विचार झाल्यास आनंदाने रुजू होईन.

ठाम आणि सभ्य.

२८ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. ते विचार करतायत. अशा निर्णयांना वेळ लागतो.

दुपारी मॅडमनी बोलावलं, दुसऱ्या पंपाचा पट्टा. गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डोकं मग खरंच दुखायला लागलं.

बायकोने विचारलं, आज काही? मी म्हटलं, सोमवारपर्यंत होईल. जेवताना तिने पाण्याचा ग्लास हातात धरला आणि तसाच परत ठेवला.

३० मार्च, रविवार

दर अर्ध्या तासाने मेल बघतोय हे बायकोचं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे.

रविवारी असल्या संस्था बंद असतात.

३१ मार्च, सोमवार, सकाळ

बायकोने सुट्टी घेतली. सकाळी नाश्त्यालाच म्हणाली, आज संध्याकाळी मला उत्तर द्यायचंय. मी तुझं ऐकून दोन महिने थांबले. आता ती मेल दाखव.

मी म्हटलं, संदर्भाशिवाय वाचली तर गैरसमज होईल. ती म्हणाली, होऊ दे.

फोन तिच्या हातात दिला. ती उभ्यानेच वाचायला लागली. मग बसली. मी फळ्याकडे बघत होतो. तिने मेल वर सरकवून परत पहिल्यापासून वाचली. मग मला शांतपणे विचारलं, यात नाही कुठे लिहिलंय?

मी म्हटलं, पहिल्याच वाक्यात.

ती म्हणाली, पहिलं वाक्य सोड. त्यांना तू हवा आहेस. पहिली पसंती तू. चार वर्षं, स्टायपेंड, खोली, सगळं. हे तर झालंय. हे झालेलं आहे रे.

मग तिने तारीख वाचली. शुक्रवार. मग माझं उत्तर वाचलं. 'वैयक्तिक रस नाही' पर्यंत आली असावी, कारण तिथे तिने फोन टेबलावर ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, आत्ता फोन लाव.

त्याच दिवशी, अकरा वाजता

फोन लावला. बायको समोर बसली होती, हात मांडीवर घट्ट. गटप्रमुख बाईंनी उचलला. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, मीच तुम्हाला फोन करणार होते. मी बायकोकडे बघून मान हलवली.

त्या म्हणाल्या, स्क्रूच निघाले. चारही. तुम्ही गेल्यावर त्याच आठवड्यात उघडलं, भोकं पाडून परत बसवले. दोन महिन्यांचा खोळंबा एका दुपारी सुटला. आभार मानायचे राहिले होते.

मी विचारलं, दाब कुठवर उतरला? त्यांनी आकडा सांगितला. चांगला आहे, मी म्हटलं. फार चांगला आहे. मग विचारलं, उतरताना मध्ये कुठे अडला का? त्या म्हणाल्या, नाही, सरळ खाली गेला. मला तो काटा डोळ्यांसमोर दिसला. मी म्हटलं, मला ते बघायला आवडलं असतं.

मग बाई म्हणाल्या, मग तुम्ही मेलमध्ये तसं लिहायचं होतं. आम्ही शुक्रवारी संध्याकाळपर्यंत थांबलो. तुमचं उत्तर वाचून वाटलं, या माणसाला लॅबमध्ये ओढणं बरं नाही. शनिवारी यादीतल्या पुढच्या मुलीला कळवलं. तिने लगेच हो म्हटलं.

मी म्हटलं, काही करता येईल का? त्या म्हणाल्या, प्रयोगाचा निधी एकाच जागेचा होता हो.

बरं, मी म्हटलं. मग धन्यवाद म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की सिद्धांताबद्दल विचारायचं राहूनच गेलं. आठवलंच नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

बायको बाल्कनीत जाऊन बोलून आली. डॉक्टरबाईंना हो म्हणाली. आत येऊन म्हणाली, मी पंधरा दिवसांनी रुजू होतेय. तुझं काय ते तू ठरव. तिथेही कॉलेजं आहेत. यायचं असेल तर ये, पण माझ्यासाठी आलो असं नंतर म्हणायचं नाही.

मी म्हटलं, बघतो.

ती म्हणाली, हे बघतो बंद कर.

२ एप्रिल

गाइड सरांचा फोन. निवड झाली का विचारत होते. मी म्हटलं, सिद्धांताची जागा दुसऱ्याला गेली. ते म्हणाले, ती जाऊ दे, दुसरी? मी तिथे नीट ऐकू येत नाही असं केलं.

६ एप्रिल

मेहुणा आला. झालं ते सगळं ऐकून म्हणाला, अरे, पण मी मोटारींबद्दल बोलत होतो.

११ एप्रिल

सामान बांधणं चालू आहे. तिचं. पुस्तकाचं चौथं प्रकरण उघडलं होतं, पण खोक्यांना चिकटपट्टी लावायला दोन माणसं लागतात.

भांडी वाटून घेताना तिने मोठा कुकर मला ठेवला. एकट्याला मोठा कुकर कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, तू एकदाच रांधून दोन दिवस खाशील, मला माहितीये. कुकर परत ओट्यावर ठेवला.

१५ एप्रिल

स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी यायला उशीर होता. बाकावर बसलो. काहीतरी समजुतीचं बोलायचं मनात होतं. पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघतील, आता अनुभव गाठीशी आहे, असं. वाक्य जुळवलंही होतं. तिने माझ्या शर्टाच्या कॉलरवरचा धागा काढला आणि म्हणाली, काही बोलू नकोस, बस नुसता. बसलो.

गाडी आली. सामान चढवलं. ती खिडकीत बसली. काचेतून काहीतरी म्हणाली, ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

१६ एप्रिल, संध्याकाळ

पोचल्याचा फोन आला. खोली लहान आहे, पण ऊन येतं. वॉर्डातले लोक चांगले आहेत. उद्यापासून काम. मग तिने विचारलं, तू काय करत होतास?

मी म्हटलं, वाचत होतो.

वाचत नव्हतो.